देणगी : एका शब्दाचे दोन अर्थ

शेजारघरून वाटीभर खीर आली तर ती वाटी रिकामी परत पाठवू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यावी, हे आपल्या घरांतून कोणी मुद्दाम शिकवीत नाही. तरी सर्वांस ठाऊक असते. लग्नकार्यात कोणी काय आहेर केला याची वही ठेवलेली असते, आणि पुढे त्या घरी कार्य निघाले म्हणजे ती हटकून बाहेर येते. ‘आहेर आणू नये’ असे पत्रिकेवर छापणारे यजमानही ही जुनी वही टाकून देत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

या वहीतला हिशेब म्हणजे मनुष्यसमाजाचा एक मोठा नियमच होय, असे मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दीर्घ निबंधात मांडले. देणे, दिलेले स्वीकारणे आणि त्याची परतफेड करणे ही तिन्ही कर्तव्ये एकमेकांत गुंतलेली आहेत. वरून खुशीची दिसणारी भेट आतून बांधून घेणारी असते, असे त्याचे म्हणणे. आधार म्हणून त्याने दूरदूरची उदाहरणे घेतली. न्यू गिनीच्या पूर्वेस ट्रोब्रिअंड बेटांवर मालिनोव्स्की याने ‘कुला’ नावाचा व्यवहार पाहिला होता. तेथे तांबड्या शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळातून एका दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शिंपल्यांची कंकणे उलट दिशेने. कोणी ती कायमची ठेवून घेत नाही. ठेवून घेणारा कद्रू ठरतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील जमातींत तर ‘पोटलॅच’ या समारंभात नायक इतके वाटून टाकीत की प्रतिस्पर्ध्यास तेवढे परत करणे अशक्य व्हावे. तेथील सरकारला ही उधळपट्टी वाटली. १८८५ पासून त्या समारंभास कायद्याने बंदी झाली आणि ती १९५१ साली उठली.

मॉसने आपल्या दानधर्माकडेही पाहिले होते. त्यासाठी त्याने महाभारतातील अनुशासनपर्वाचा आधार घेतला. परंतु येथेच त्याच्या नियमाला अडचण येते. आपल्याकडे उत्तम दान ते, ज्याची परतफेड अपेक्षित नाही. परत मिळाले तर त्याचे पुण्यच उणे होते. मग घेणाऱ्याकडे काय जाते? जोनाथन पॅरी यांनी काशीच्या महाब्राह्मणांचा अभ्यास करून १९८६ साली, आणि ग्लोरिया राहेजा यांनी सहारनपूर जिल्ह्यातील पहांसू गावाचा अभ्यास करून १९८८ साली एकच गोष्ट दाखविली : दानाबरोबर देणाऱ्याचे पाप, त्याचे अशुभही जाते, अशी समजूत असते. आम्हांस यात नवल वाटले नाही. ग्रहण लागले की ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी ज्यांनी लहानपणी ऐकली असेल, त्यांस आठवेल की ते दान घ्यायला कोण येत असे आणि त्यास दारात कोठे उभे करीत.

सार्वजनिक संस्थेचे दान या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते. घेणारा परत करू शकत नाही, आणि त्याचे नाव मात्र चारचौघांत पुकारले जाते. ज्याला परतफेड करता येत नाही अशास दान बोचते, हे मॉसनेही लिहून ठेवले आहे. म्हणूनच कामगारांचा विमा ही भीक नसून, त्याने आयुष्यभर दिलेल्या श्रमांचे समाजावरील देणे आहे, असा त्याचा आग्रह होता. काही वर्षांपूर्वी आमच्या शिष्यवृत्ती-समारंभास एक विद्यार्थी आलाच नाही. त्याच्या आईने नंतर येऊन पाकीट नेले; ती म्हणाली, “मुलगा म्हणतो, पैसे हवेत, पण टाळ्या नकोत.” आम्ही त्या दिवशी थोडे रागावलो होतो, हे कबूल करावयास हवे.

आता शब्दाच्या दुसऱ्या अर्थाकडे. गळा गोड असला, गणित चटकन सुटले, की आपण त्यासही ‘देवाची देणगी’ म्हणतो. मराठीने निधी देणाऱ्याची देणगी आणि बुद्धिमंताची देणगी एकाच शब्दात ठेवली आहे, आणि शिष्यवृत्तीच्या बैठकीत या दोन्ही देणग्या समोरासमोर येतात. शास्त्रात सांगितले आहे की दान सत्पात्री करावे. आमच्या अर्जावर ‘पात्रता’ असा रकाना आहे. मग पात्र कोण?

या प्रश्नाचा इतिहास आपल्या प्रांताशी निगडित आहे. श्रावणातील दक्षिणा ही सेनापती खंडेराव दाभाडे यांनी सुरू केली. त्यांचे पुत्र त्रिंबकराव १७३१ साली आपल्या डभईजवळच्या लढाईत पडले, आणि पुढे ही दक्षिणा पेशव्यांनी पुण्यास चालविली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांस कोंडून, एकेकास बाहेर सोडताना ती देत. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनच्या धोरणाने तिचा काही भाग विद्येकडे वळला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे लोकहितवादी आदी सुधारकांनी मराठी ग्रंथांसही त्यातून बक्षिसे द्यावीत अशी मागणी केली. त्याच निधीतून दक्षिणा-फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे त्यांपैकीच. जन्मावरून मिळणारे दान शे-दीडशे वर्षांत परीक्षेवरून मिळणारे झाले. हा बदल लहान नव्हे.

पण परीक्षा तरी काय मोजते? १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापनाची कसोटी केली ती मागे पडणाऱ्या मुलांना मदत करता यावी म्हणून. अमेरिकेत टर्मन यांनी ती उलटी फिरविली, आणि १९२१ पासून कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार अतिबुद्धिमान मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. निवडीची सुरुवात बहुतेक शिक्षकांच्या शिफारशीने होई. ती मुले पुढे चांगली निघाली खरी. पण त्यांपैकी कोणास नोबेल पारितोषिक मिळाले नाही, आणि ज्यांची चाचणी घेऊनही निवड झाली नव्हती अशा शॉकली व अल्वारेझ या दोघांना पदार्थविज्ञानासाठी ते अनुक्रमे १९५६ व १९६८ साली मिळाले. मायकेल यंग या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९५८ सालच्या आपल्या उपरोधिक पुस्तकात आणखी पुढची धास्ती सांगितली : केवळ गुणांवर उभ्या राहिलेल्या राज्यात वर चढलेल्यांस आपले यश सर्वस्वी स्वतःचे वाटेल, आणि खाली राहिलेल्यांस दाद मागायलाही जागा उरणार नाही. त्याने इशारा म्हणून वापरलेला शब्द लोकांनी पुढे स्तुती म्हणून उचलला, याचे त्यास शेवटपर्यंत वाईट वाटत होते.

आमचे म्हणणे एवढेच की ज्या मुलाच्या घरी पुस्तके आहेत, शांत खोली आहे, शिकलेली आई आहे, त्यास अर्ज करण्यापूर्वीच बऱ्याच देणग्या मिळालेल्या असतात. नव्वद टक्क्यांत त्याही मोजल्या जातात. त्या कोणी दिल्या हे गुणपत्रिकेवर छापलेले नसते.

बडोद्यात राहून याविषयी लिहावे आणि १९१३ सालची ती शिष्यवृत्ती विसरावी, हे शक्य नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांस तीन वर्षांसाठी कोलंबिया विद्यापीठात पाठविले; मोबदला म्हणून दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. परतफेडीची इतकी स्वच्छ वाट फार थोड्या दानांत असते. १९१७ साली ते ती फेडण्यास येथे आलेही. पण शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. संस्थानाने दिले, घेणारा परत करावयास उभा होता, आणि नगराने ते परत घेण्याचे नाकारले. मॉसच्या तीन कर्तव्यांत मधले, म्हणजे स्वीकारण्याचे, कर्तव्य किती जड आहे ते येथे दिसते. आपल्याच शहराची ही गोष्ट आहे, म्हणून ती महोत्सवी अंकात येऊ नये असे आम्हांस वाटले नाही.

संस्थेच्या कार्यकारिणीत गेले वर्षभर या विषयावर बरीच वादावादी झाली. टक्केवारीची अट काढून टाकली तर देणगीदार नाराज होतील असे काहींचे मत. ते अगदीच चूक आहे असेही नाही. अखेर अट राहिली, पण खाली आली. अर्जात एक नवा रकाना घातला आहे : घरात दहावीच्या पुढे शिकणारे हे पहिलेच मूल आहे काय? नावे व्यासपीठावरून पुकारणे बंद केले असून रक्कम थेट खात्यात जमा होईल. माजी शिष्यवृत्तीधारकांसाठी एक स्वतंत्र खाते उघडले आहे. त्यात पैसे भरणे सक्तीचे नाही, आणि कोणी भरले व कोणी नाही याची वही संस्था ठेवणार नाही. ज्यांस पैसे देणे शक्य नाही, त्यांनी रविवारी सकाळी दोन तास संस्थेच्या अभ्यासिकेत येऊन लहान मुलांस गणित शिकविले तरी चालेल. या कामी पहिले नाव आले आहे ते टाळ्या नको म्हणणाऱ्या त्या मुलाचे.