माळावरच्या मुंग्यांचं वर्ष

घरातल्या मुंग्यांवरून ऋतू कळत नाही, कारण साखरेचा डबा बारा महिने भरलेला असतो. त्यासाठी माळ गाठावा. दख्खनच्या गवताळ माळांवर बी साठवणाऱ्या बारीक मुंग्या राहतात. उंच वारूळ शोधत बसू नये, ते वाळवीचं काम. पायवाटेकडेला जमिनीत छोटं भोक आणि भोवती कोंड्याचं कडं दिसलं, की आपलं बीळ सापडलं.

पावसाळा सरला की गवत पिकतं, बी गळू लागतं आणि बिळाकडे रांगा लागतात. आत मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्या टणक बी जबड्याने फोडतात. टरफलं बाहेर टाकली जातात आणि ते कडं वाढत जातं.

थंडीत सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही. जमीन तापल्यावरच मुंग्या बाहेर पडतात.

वैशाखात नेमकं उलटं. भर दुपारी पाहणाऱ्याला बीळ ओसाड वाटतं आणि तो ते सोडून देतो. तिथेच सायंकाळी पुन्हा जावं, ऊन उतरल्यावर रांग सुरू झालेली दिसते.

मग पाऊस येतो. माती भिजली की अनेक जातींच्या पंखवाल्या माद्या आणि नर एकदमच बाहेर पडतात. हे मिलनउड्डाण, म्हणजे हवेत जोडी जमवण्यासाठी घेतलेली झेप. नर लवकरच मरतात. मादी पंख गाळते, जमिनीत स्वतःला कोंडून घेते आणि अंगातल्या साठ्यावर पहिली पिल्लं वाढवते. मला या साऱ्या वर्षातलं सर्वांत धाडसाचं काम हेच वाटतं.

दिव्याभोवती जमणारे पंखवाले किडे मात्र पुष्कळदा वाळवीचे असतात. एक उचलून पाहावा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या.

बिळात पाणी शिरलं की मुंग्या तोंडात पांढरे दाणे धरून हलवताना दिसतात. आपण त्यांना अंडी म्हणतो, पण अंडी फारच बारीक असतात. एवढे मोठे दाणे म्हणजे अळ्या किंवा कोष, अळी आणि पूर्ण वाढलेली मुंगी यांमधली अवस्था.

पावसाने उघडीप दिली, की पाहण्याजोगी गोष्ट घडते. ओलं झालेलं बी कोंब धरण्याआधी मुंग्या ते वर आणून उन्हात पसरतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्यात कवायतीच्या मैदानाजवळ गवताच्या बियांचे असे मूठमूठभर ढीग पाहिले. 1835 साली त्याने या मुंगीचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज तिचं शास्त्रीय नाव फायडोल प्रॉव्हिडन्स आहे.

हा ढीग कचरा समजून पायाने सारला जातो. आधी चिमूटभर तळहातावर घेऊन फुंकर मारावी. उडून गेला तर कोंडा. हातावर राहिलं तर ते वाळत घातलेलं बी, जिथल्या तिथे ठेवून द्यावं.