चिन्यांवरचा कायदा आणि पंडितांचा खटला

६ मे १८८२ रोजी अमेरिकेने चिनी मजुरांच्या प्रवेशावर दहा वर्षांची बंदी घातली. सिएरा नेवाडाचे कडे फोडून रेल्वे घालताना हेच मजूर हवे होते. काम संपले, मंदी आली, तसे ते डोळ्यांत खुपू लागले. चिन्यांना नागरिकत्वही द्यायचे नाही, असे याच कायद्याने बजावले. १८९२ मध्ये मुदत वाढली, रहिवासाचा दाखला जवळ बाळगण्याची सक्ती झाली आणि १९०२ पासून बंदी कायमची झाली.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा हिंदी माणसाला या कायद्याची झळ नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरच्या लाकूड गिरण्यांत पंजाबी मजूर दिसू लागले आणि चित्र पालटले. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅमच्या गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण करून गावाबाहेर हुसकले. पुढे याच किनाऱ्यावरच्या मजुरांच्या बळावर १९१३ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारा गदर पक्ष उभा राहिला; तेथे शेतीशास्त्र शिकणारे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच्या संस्थापकांपैकी एक. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टाच वर्ज्य ठरवला आणि त्यात हिंदुस्थानही आला.

आधीच आलेल्यांचे काय? नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. हे नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांची बाजू न्यायालयात लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांनी मांडली. उच्चवर्णीय हिंदू आर्यवंशीय, म्हणून गोरा, असा युक्तिवाद झाला. समतेऐवजी जातीचा आधार घेणारा हा मुद्दा आज खटकतो. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा.

मग सरकार जुन्या हिंदी नागरिकांच्या मागे लागले. अनेकांचे नागरिकत्व गेले. स्वतः पंडितांवरही दावा झाला. ते १९१४ पासून नागरिक होते. या नागरिकत्वाच्या भरवशावर आपण वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क सोडला, आता ते गेले तर वकिलीची सनद जाईल, जन्माने अमेरिकन असलेली पत्नीही परकी ठरेल, असे त्यांनी मांडले. वंशाचा वाद या वेळी बाजूला राहिला. नागरिकत्वाचा एकदा रीतसर दिलेला निकाल सरकारला पुन्हा उकरता येणार नाही, असे १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकायलाच नकार दिला. उरलेले दावे सरकारने गुंडाळले.

चीन दुसऱ्या महायुद्धात दोस्त झाला, तेव्हा १९४३ मध्ये चिन्यांवरची बंदी उठली, तीही वर्षाला १०५ जणांपुरती. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जागा १९४६ मध्ये मिळाल्या. देशवार कोट्याची ही पद्धत १९६५ च्या कायद्याने मोडीत काढली.