नदीची नोंदवही

स्नानसमयीं सप्तनद्यांचें स्मरण करण्याचा परिपाठ आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तांब्यांतील पाणी विहिरीचें असो वा नळाचें, त्यांत गोदावरी येऊन वसते ही आपली श्रद्धा. परंतु लाखनीसारख्या गांवीं राहणाऱ्या गृहस्थास, ‘तुमच्या अंगणांतील पाऊस कोणत्या वाटेनें गोदावरीस पोंचतो ?’ असें विचारिलें, तर उत्तर किती जणांस देतां येईल, याची आम्हांस शंकाच आहे.

नागपूर-रायपूर हमरस्त्यावरील या गांवाच्या वेशीपाशीं मोठी नदी नाहीं. म्हणून नदी ही भंडाऱ्याची अथवा पवनीची काळजी, असें आपण समजतों. पण तालुक्याच्या दक्षिणेकडे, पालांदूरच्या बाजूस, चुलबंद वाहते व पुढें वैनगंगेस मिळते. वैनगंगा आणि वर्धा एकत्र झाल्यावर त्या प्रवाहास प्राणहिता हें नांव प्राप्त होतें, आणि प्राणहिता गोदावरींत विलीन होते. तेव्हां ज्या नदीचें आपण नित्य स्मरण करितों, तिच्यांत आपल्याच धानाच्या बांध्यांचा निचरा आहे. नात्याच्या माणसाची प्रकृति आपण वरचेवर विचारितों. या आप्ताची मात्र वर्षानुवर्षें विचारपूस होत नाहीं.

ही उपेक्षा महाग पडते. सन २०२० च्या ऑगस्टअखेर भंडारा शहरांत वैनगंगेचें पाणी शिरलें आणि हजारों लोकांस राहतीं घरें सोडावीं लागलीं. त्या पुराचें मूळ वरच्या अंगास होतें. मध्यप्रदेशांत अतिवृष्टि झाली, शिवनी जिल्ह्यांतील संजय सरोवराचें पाणी सोडावें लागलें, आणि तें खालीं आलें. आपल्या डोक्यावरचें आभाळ पाहून पुराचा अदमास बांधणारास अशा वेळीं हमखास फसावें लागतें. भंडाऱ्याजवळ कारधा येथील पुलापाशीं नदीची पातळी मोजतात. तेथें २४५ मीटर ही इशाऱ्याची व २४५.५० मीटर ही धोक्याची पातळी ठरलेली आहे. अंतर अवघें अर्ध्या मीटरचें. तेवढ्या अवधींत म्हाताऱ्याकोताऱ्यांस हलवावयाचें, गुरें सोडावयाचीं, धान्याचीं पोतीं माळ्यावर चढवावयाचीं. आणि मुख्य नदी तुडुंब भरली म्हणजे उपनदीचें पाणी पुढें सरकत नाहीं. तें मागें तुंबून कांठच्या शेतांत पसरतें. म्हणून कारध्याच्या आंकड्याकडे चुलबंदीकांठच्या शेतकऱ्यानेंहि लक्ष ठेविलें पाहिजे.

मोजमापाची ही विद्या परकी नव्हे. कोठारापाशीं एक अरत्नि, म्हणजे सुमारें हातभर, रुंद तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा, असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांगितलेलें आहे. इजिप्त देशांत कैरो शहरीं नाईल नदीची उंची मोजण्याचा खांब सन ८६१ पासून उभा आहे. पाणी किती चढलें यावरून तेथें पिकाचा व कराचा अंदाज बांधीत. उणीव आहे ती नोंद ठेवण्याच्या संवयीची. आजोबा ‘पाणी देवळाच्या पायरीस लागलें होतें’ असें सांगतात; पण कोणत्या वर्षीं, कितव्या पायरीस, हें लिहिलेलें नसतें. आजोबांबरोबर ती पायरीहि विस्मृतींत जाते, आणि नातू तेथेंच नवें घर बांधतो.

पुराचें पाणी निदान दिसतें तरी. बिघडलेलें पाणी दिसत नाहीं. नागपूरचें सांडपाणी नाग नदींतून कन्हानेंत व कन्हानेंतून वैनगंगेंत येतें, आणि पुढें गोसीखुर्दच्या जलाशयांत सांचतें. नदींत स्नान करावयाचें तर एक लिटर पाण्यांत विरघळलेला प्राणवायु निदान ५ मिलिग्रॅम असावा, असें मान आहे. डोळ्यांस तें कसें कळणार? पिण्याच्या पाण्याचेंहि तसेंच. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यांत मैल्याचे जंतु असूं शकतात. ते ओळखण्याची एक सोपी कुपी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं सन १९८२ मध्यें प्रसिद्ध केली. तींत पाणी भरून ठेवावें; एकदोन दिवसांत तें काळें पडलें, तर पाणी दूषित असल्याचा संशय धरावा व निर्जंतुक केल्यावांचून पिऊं नये. सन २०१९ मध्यें सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेंत प्रत्येक गांवच्या निदान पांच स्त्रियांस पाणी तपासण्याचें शिक्षण द्यावें, अशी योजना आहे. हें आम्हांस फार मोलाचें वाटतें. कारण घरांतील पाण्याची खरी राखणदार गृहिणीच होय.

आमची सूचना लहानशीच आहे. ज्या घरांत रोजचा खर्च वहींत लिहितात, तेथें त्याच वहीचीं चार पानें पाण्यासाठीं राखावीं. पाऊस कधीं आला, वैशाखांत विहिरीस किती हात पाणी उरलें, पुराचें पाणी कोणत्या खुणेपर्यंत चढलें व त्या दिवशीं कारध्याचा आंकडा किती होता, कुपी काळी पडली कीं नाहीं, एवढें मुलांकडून लिहवून घ्यावें. दहा वर्षांनीं त्या पानांची किंमत कळेल. नदीचें नांव घेणें हा संस्कार आहेच. तिचें मान ठेवणें हाहि त्याचाच एक भाग समजावा.