टेन्शन घेऊ नको म्हणून टेन्शन जात नाही: दहावीच्या घरात पालकांनी काय करावं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून देते आहे. बोलले तसाच, फक्त थोडा आवरून.

विषय आहे दहावीची परीक्षा. मी नाशिकची, आणि यंदा माझा मुलगा दहावीला आहे. तुमच्यापैकी बरेच जण कॉलेजात असाल, पण घरात धाकटं भावंड दहावीला असेल, तर ऐका आणि आई-बाबांनाही पाठवा.

दहावीच्या प्रत्येक घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "टेन्शन घेऊ नको." त्यानं टेन्शन जात नाही. कारण पोराच्या डोक्यातला प्रश्न अगदी नेमका असतो: "बीजगणित अवघड गेलं, आता मी नापास होणार का?" याला उत्तरही नेमकं लागतं. म्हणून माझं म्हणणं असं, की पालकांनी गणित शिकवू नये एक वेळ, पण मार्कांचं गणित शिकून घ्यावं.

मार्क कसे मोजतात?

राज्य मंडळाची दहावी सहा विषयांची, एकूण 600 गुणांची. प्रत्येक विषयात 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत. हे 20 शाळेतच ठरतात.

गणितात बीजगणित 40 आणि भूमिती 40, असे दोन वेगळे पेपर असतात, पण विषय एकच. पास व्हायला दोन्ही मिळून, अंतर्गत धरून, 100 पैकी 35 लागतात. समजा अंतर्गत 16 मिळाले आणि बीजगणित बिघडून 10 च आले. झाले 26. म्हणजे भूमितीत 40 पैकी 9 मिळाले तरी विषय सुटतो. रडत घरी आलेल्या मुलाला हे कागदावर मांडून दाखवा. "होईल रे सगळं नीट" यापेक्षा ते जास्त पटतं. विज्ञानाचंही असंच, भाग एक आणि भाग दोन मिळून एक विषय.

दुसरी गोष्ट, बेस्ट ऑफ फाइव्ह. पास सगळ्या विषयांत व्हावं लागतं, पण टक्केवारी धरतात ती सर्वात चांगल्या पाच विषयांची. समजा 82, 80, 78, 75, 70 आणि गणितात 55. सहाही धरले तर 73.33 टक्के होतात. पाच धरले की 77. एक पेपर हुकला म्हणजे वर्ष गेलं, असं नसतं.

अभ्यासात घरच्यांची मदत

2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली, तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

म्हणजे घरच्यांना विषय आला नाही तरी चालतं. पुस्तक तुमच्या हातात घ्या आणि म्हणा, "या धड्यात काय आहे, मला सांग." हे आजीलाही जमतं. चुकलं तर रागवायचं नाही, पान उघडून दाखवायचं.

आणि झोप. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. वाचलेलं पक्कं व्हायचं कामही झोपेतच होतं. रात्री दोनपर्यंत जागवणं हे अभ्यास वाढवणं नाही. मोबाइल रात्री चार्जिंगला बाहेरच्या खोलीत, आणि तुमचाही तिथेच, नाहीतर मुलं ऐकत नाहीत.

पेपरचा दिवस, नाशिकच्या हिशोबानं

सकाळचा पेपर 11 ला असतो, मुलांना साडेदहाला हजर राहावं लागतं. 2023 पासून दहा मिनिटं शेवटी वाढवून मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर 2 वाजून 10 मिनिटांनी सुटतो. केंद्र आदल्या दिवशी बघून या. सिडकोतून नाशिकरोडला जायचं असेल तर द्वारका चौकात काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. तासभर आधी निघा.

निफाड-दिंडोरीकडच्या घरांचा प्रश्न वेगळा. ऐन परीक्षेत द्राक्षांची काढणी चालू असते. मजूर, क्रेट, व्यापाऱ्याचे फोन. वर्षाचा पैसा त्यातच असतो, त्यामुळे काम थांबवा असं मी म्हणणार नाही. पण पेपरच्या आदल्या संध्याकाळी मुलाला पॅकिंगला उभं करू नका, आणि शांत कोपरा नसेल तर नातेवाइकांकडे तीन आठवडे सोय बघा.

पेपर सुटल्यावर पहिला प्रश्न "जेवलास का?" एवढाच. प्रश्नपत्रिका घेऊन उत्तरं जुळवत बसू नका. पेपर तपासणाऱ्याच्या हातात गेलाय, उद्याचा अजून आपल्या हातात आहे.

आणि राहिलाच एखादा विषय तर?

2025 मध्ये राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला. निकाल 13 मे ला आला आणि पुरवणी परीक्षा 24 जूनला सुरू झाली, म्हणजे सहा आठवड्यांत दुसरी संधी. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळू शकतो. मार्क कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो. हे सगळं मुलाला निकालानंतर नाही, आत्ताच माहीत हवं.

शेवटचं, आणि हे नीट ऐका. मूल जेवत नाही, झोपत नाही, कुणाशी बोलत नाही, "माझा काही उपयोग नाही" असं म्हणतंय, तर त्याला नाटक समजू नका. जवळ बसा, सरळ विचारा, एकटं सोडू नका. टेली-मानसचा नंबर 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. परीक्षेच्या काळात मंडळही समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं. फोन पालकांनीही करावा, त्यात कमीपणा नाही.

आज एक काम करा. घरातल्या दहावीवाल्याला विचारा, कोणत्या पेपरची भीती वाटते. मग कागद-पेन घ्या आणि वरचा हिशोब त्याच्यासोबत मांडा. भेटू पुढच्या भागात!