सूट कोणाच्या पदरातून?

गतवर्षी जानेवारीत एक पालक आमच्याकडे आल्या व कन्येच्या फीसाठी त्यांनी मुदत मागितली. आम्हांस नवल वाटले. कारण वसईत त्यांचे शिवणकामाचे दुकान असून डिसेंबरात तेथे मध्यरात्रीपर्यंत यंत्र चालू असे. शेजारी नवे दुकान निघाले, त्या भीतीने त्यांनी नाताळापूर्वी शेकडा वीस सूट जाहीर केली होती. काम उदंड आले. पैसा मात्र राहिला नाही. त्यांच्या वहीवरून आम्ही जो हिशेब मांडला, तो विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावा.

एका झग्याची शिलाई ४०० रुपये. पैकी अस्तर, धागा, बटणे व मदतनिसाची मजुरी यांत २४० जात, उरत १६०. गाळ्याचे भाडे व घरखर्च त्यांतूनच. सूट दिल्याने अस्तर काही स्वस्त होत नाही! ८० रुपये सोडताच शिल्लक राहिली ८०. गिऱ्हाइकास पाचवा हिस्सा मिळाला, पण बाईंची प्राप्ती निम्मी झाली. पूर्वीइतकी मिळकत होण्यास झगे दुप्पट शिवावयास हवेत, आणि दिवसाचे तास तर तेवढेच.

वाण्याची साखर आज न खपली तर उद्या खपेल. शिंपी, न्हावी, वाजंत्री यांचा माल म्हणजे त्यांचा वेळ. रिकामा गेलेला दिवस कोठारात ठेवता येत नाही. तेव्हा सूट द्यावयाची ती रिकाम्या दिवसांत. आमच्याकडे उपवासकाळात लग्ने होत नाहीत, यंत्र स्वस्थ असते. त्या वेळी कापड आणून आगाऊ पैसे देणाऱ्यास ४० रुपये सोडले, तरी १२० पदरी पडतात. एरवी तेथे शून्यच.

विरारहून मुंबईस पहिली उपनगरी आगगाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. आज त्या मार्गावर मासिक पास रोजच्या तिकिटांहून पुष्कळ स्वस्त पडतो, कारण पासधारक पैसे आधी भरतो व नेमाने येतो. (त्यास बसावयास जागा मिळते, असे मात्र आमचे म्हणणे नाही.)

खरी अडचण ओळखीच्या माणसांची. ‘आपण तर घरचेच’ म्हणून जो तो दर पाडून मागतो. शिवाय उधारी, तीही एक न बोललेली सूटच. बाईंनी अखेर दरांचा फलक लावला: डिसेंबरात सूट नाही, उपवासकाळात ४० रुपये कमी. यंदाच्या नाताळात दोन जुनी गिऱ्हाइके शेजारच्या दुकानी गेली. त्यांपैकी एक परत आले आहे. कन्येची फी या खेपेस वेळेवर आली.