गरोदरपण आणि मंदावलेला थायरॉईड

गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि थायरॉक्सिन हे संप्रेरक पुरेसे बनवायला तिला पाचवा महिना उजाडतो. तोवर मेंदूच्या जडणघडणीला लागणारे थायरॉक्सिन वारेतून आईकडूनच येते. त्यामुळे आईच्या ग्रंथीवरचा भार निम्म्यापर्यंत वाढू शकतो. निरोगी ग्रंथी तो पेलते. आधीच थकलेली मात्र मागे पडते.

आयोडीनयुक्त मीठ सर्रास वापरले जाते तिथे ग्रंथी अशी थकण्याचे मुख्य कारण हाशिमोटोचा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते.

लक्षणे फसवी असतात. थकवा, झोप, बद्धकोष्ठता, अंगावरची सूज यांकडे पाहून ‘दिवस गेलेत, एवढं चालायचंच’ अशी घरची समजूत घातली जाते. पण एरवी गरोदर बाईला उकडते. ऐन वैशाखात पंखा बंद करायला सांगून ती चादर ओढून बसत असेल, तर रक्तातले टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक) तपासलेच पाहिजे.

उपचार न झाल्यास गर्भपात, रक्तदाब वाढणे, रक्तक्षय, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ हे धोके वाढतात. अमेरिकेतल्या मेन राज्यातला १९९९ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. उपचार न मिळालेल्या मातांची मुले ७ ते ९ वर्षांची झाली, तेव्हा त्यांचा बुद्ध्यांक इतर मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. टीएसएच किंचित वाढलेले आणि थायरॉक्सिन ठीक, अशा सौम्य प्रकारात मात्र गोळीने मुलांचा बुद्ध्यांक वाढल्याचे २०१२ आणि २०१७ च्या मोठ्या चाचण्यांत दिसले नाही. अशा अहवालाने आईने घाबरून जाऊ नये, तो डॉक्टरांना दाखवावा.

उपचार स्वस्त आणि सुरक्षित आहे: लिव्होथायरॉक्सिनची गोळी. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासाने. घोटाळा होतो तो लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांशी. सगळ्या गोळ्या एकदाच तोंडात टाकल्या, तर थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही. मध्ये चार तास हवेत. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईने पाळी चुकताच डॉक्टरांना कळवावे. सहसा आठवड्याला दोन गोळ्या वाढवल्या जातात. नावनोंदणीपर्यंत थांबले, तर नेमके महत्त्वाचे आठवडे निघून जातात. पुढे निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी होते आणि टीएसएच २.५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो.

गरोदरपणात रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. आरोग्यदायी म्हणून घरात आलेल्या सैंधवात ते बहुधा नसते.

बाळंतपणानंतर डोस पूर्वीइतका करून सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात. गोळी चालू ठेवून अंगावर पाजता येते. बाळाच्या थायरॉईडची तपासणी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर होते.