मुंबईचा स्पायडर-मॅन : पवित्र प्रभाकर

• चित्रपट : ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’. भारतात प्रदर्शन १ जून २०२३, इंग्रजीसह १० भाषांत. त्यात मराठीही होती.

• मूळ कॉमिक : ‘स्पायडर-मॅन : इंडिया’, २००४-०५, एकूण ४ अंक. निर्माते शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग.

• फरक : कॉमिकमधला पवित्र खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला, धोतर नेसणारा. माया काकू, भीम काका हे त्याचे पालक. शक्ती त्याला एका योग्याकडून मिळते. चित्रपटातला पवित्र ‘मुंबॅटन’ या काल्पनिक महानगरात राहतो. हातातल्या सोनेरी कड्यांतून सुटणारा जाळ्याचा धागा तो यो-योसारखा फिरवतो.

• चित्रशैली : मुंबॅटनची दृश्ये रंगवताना १९७०च्या दशकातील इंद्रजाल कॉमिक्सची शैली समोर ठेवली होती. मुंबईच्या टाइम्स समूहाची ही मालिका १९६४ला सुरू झाली, १९९०ला थांबली. ती मराठीतही निघे. ‘फँटम’ मराठी वाचकांच्या घरी पोहोचला तो तिच्यातूनच, ‘वेताळ’ या नावाने.

• आधीचा भाग : ‘इन्टू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८). सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर, २०१९.